उजवा डोळा आणि खिडकीजवळची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी रोबो आहे. काचेच्या पेटीत उभी आहे. डाव्या डोळ्याने बघते, आणि उजव्या डोळ्याच्या जागी नुसता पांढरा गोल आहे. माझ्या पायाशी एक चिठ्ठी लावली आहे. 'घरवीर मालिका. शिवणयंत्र. एक डोळा रंगवायचा राहिला. कारखान्यातील चूक. अत्यंत दुर्मिळ.' मी काही शिकलेली नाही. दप्तरात बसून चार दिवस शाळेत गेले, तेवढीच माझी शाळा. पण ही चिठ्ठी मला तोंडपाठ आहे, कारण बघायला येणारा प्रत्येक जण ती मोठ्याने वाचतो आणि "वा!" म्हणतो. मी चूक आहे म्हणून वा! नीट घडलेल्यांना कोणी विचारीत नाही आणि चुकीपुढे माना डोलावतात. असो. चूक कोणाची, ते मी आज सांगणार आहे. आधी ऐकून घ्या, मग वा म्हणा.

माझा जन्म टोकियोच्या कात्सुशिका भागातला. आमच्या गल्लीत त्या काळी घराघरांत खेळण्याचा कुठला ना कुठला अवयव तयार होत असे. एका घरी चाके, एका घरी शेपट्या, एका घरी नुसते कान. आमचे मालक कुरिमोतो यांचा कारखाना गल्लीच्या तोंडाशी होता. तेव्हा जिकडे तिकडे रूप बदलणाऱ्या रोबोंची हवा होती. कोणाची मोटार व्हायची, कोणाचे विमान. आमच्या मालकांना वाटले, आपण वेगळे काही करू. ते टेबलावर थाप मारून म्हणाले, "विमान किती जणांच्या घरी असतं? भाताचं यंत्र सगळ्यांच्या घरी असतं!" झाले. त्यातून आम्ही घरवीर जन्मलो. भाताचे यंत्र, पंखा, इस्त्री, टेलिफोन, आणि पाचवी मी, शिवणयंत्र. मान उचलली, हात ओढले, पाय उलगडले की यंत्राची रोबो होत असे. माझी सुई हाच माझा भाला. पाची जणांना जोडले की एक मोठा वीर उभा राहायचा आणि त्यात मी डावा पाय. हसू नका. छाती मिरवते, पण माणूस उभा राहतो तो पायावर.

माझी छाती ओतीव धातूची होती. अजून आहे. हातपाय चांगल्या जाड प्लास्टिकचे. पण मित्रांनो, साच्यातून निघालेले डोके म्हणजे नुसता गोटा. त्याला डोळे मिळेपर्यंत ते कोणाचेच नसते. आमचे डोळे रंगवण्याचे काम तोमिएकडे होते.

तोमिएचे माहेर ताकासाकीचे. तिथे घरोघरी दारुमा करतात. तांबड्या, गोल, बिनहातापायांच्या बाहुल्या, किती ढकला, पुन्हा उभ्या. तिचा बाप दारुमांच्या भुवया काढीत असे आणि ती त्याच्या मांडीवर बसून कुंचला धरायला शिकली होती. लग्न होऊन ती आमच्या गल्लीत आली. नवरा जहाजावर, घरी येई तो पाहुण्यासारखा. ती घरातल्या शेगडीच्या बुटक्या टेबलापाशी बसून, पांघरुणात पाय घालून, दिवसभर आमचे डोळे रंगवी. बांबूच्या काड्यांवर खोचलेली आमची डोकी समोर रांगेने उभी असत. शेजारी संत्र्यांची टोपली आणि रंगाचा उग्र वास. श्वास रोखायचा, कुंचला टेकवायचा, उचलायचा. एक थेंब इकडचा तिकडे नाही. पाठ मात्र धनुष्यासारखी वाकून जाई.

कुरिमोतो मालकांनी हे पाहिले होते. आमची पहिली खेप तयार झाली तेव्हा ते स्वतः तिच्या दारी आले आणि म्हणाले, "तोमिएबाई, घरवीर चालले की तुम्ही कारखान्यात यायचं. खिडकीजवळची खुर्ची तुमची. चांगल्या उजेडात, ताठ बसून काम करा. रंगकामाच्या मुख्य तुम्हीच."

"खुर्ची गादीची असेल की नुसती?" तोमिएने विचारले.

"गादीची!"

"मग येईन."

मालकांनी जाताना तिच्या मुलासाठी, शिगेकीसाठी, पहिल्या खेपेतला एक नग ठेवला. तो नग म्हणजे मी. माझे डोळे अजून रंगवायचे होते. तोमिएने मला हातात धरले, डावा डोळा काढला, आणि उजव्यापाशी तिचा कुंचला थांबला. तिने मला मांडीवर घेतले आणि हळूच म्हणाली, "माझी खुर्ची मला मिळू दे. मिळाली की तुझा दुसरा डोळा."

तिच्या माहेरची ही रीतच. दारुमाला नवस बोलायचा आणि डावा डोळा रंगवायचा. नवस फळला की उजवा. पण ती रीत दारुमाची, मित्रांनो. रोबोला कोणी नवस बोलते का? शेजारच्या हिसाकोकाकू नेमक्या तेव्हाच वाटीभर लोणचे घेऊन आल्या होत्या. त्या दारातूनच ओरडल्या, "अगं तोमिए, खेळण्याला काय नवस बोलतेस? उद्या किटलीला बोलशील!"

"किटलीला डोळे काढायला सांगा मालकांना, तिलाही बोलेन," तोमिए म्हणाली.

तर अशी मी एका डोळ्याची झाले. चुकून नाही. कोणीतरी माझ्यावर आपली आशा ठेवली म्हणून. आणि मी ती मानाने वागवली. फक्त एक अडचण होती. एका डोळ्याला जवळ काय नि दूर काय ते कळत नाही. तोमिएचा चेहरा मला दिसे, पण भिंतीवरच्या चित्रासारखा. तो हाताच्या अंतरावर आहे की गल्लीपलीकडे, हे मला कधी उमगले नाही. मी म्हणे, थांबू. खुर्ची मिळाली की कळेलच.

शिगेकी तेव्हा पहिलीत होता. पहिल्या दिवशी त्याने मला उशाशी घेतले. दुसऱ्या दिवशी दप्तरात घातले. वर्गात त्याने मला बाकावर ठेवून उलगडले आणि सगळी मुले गोळा झाली. मी भाला सरसावून उभी राहिले. वाटले, आता जयजयकार होणार.

"हे काय आहे?" दाइगो नावाच्या एका जाड्या मुलाने विचारले.

"घरवीर. शिवणयंत्राचा रोबो होतो."

"शिवणयंत्र?" दाइगोने आपली चड्डी पुढे केली. "मग माझं बटण लावून दे ना, शिगेकीमावशी!"

वर्ग फुटला हसून. चार दिवस हेच चालले. कोणी फाटका मोजा आणून समोर टाकी, कोणी "मावशी, परकर किती दिवसांत देणार?" म्हणून विचारी. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "हे खेळणं कोणाचं आहे?" तेव्हा शिगेकीने खाली बघत सांगितले, "माझं नाही. आईचं आहे."

माझं नाही. मित्रांनो, ज्याच्या उशाला मी निजले होते त्याच्या तोंडचे हे शब्द. मी धातूची आहे म्हणून फुटले नाही.

आणि बाहेरही तेच झाले. दुकानात मुलगे मोटारी मागत, विमाने मागत. त्यांची चित्रमालिका टीव्हीवर दिसे. आमची कुठून दिसणार? मुलींनी म्हणावे, रोबो मुलांचे. मुलांनी म्हणावे, शिवणयंत्र मुलींचे. ना घरचे ना घाटाचे, असे आम्ही टोपल्यांत पडलो, टोपल्यांतून पोत्यांत. एका हिवाळ्यात जन्मलो आणि पुढचा हिवाळा यायच्या आत आमचे नाव कोणी घेईना.

कुरिमोतो मालक तोमिएच्या दारी पुन्हा आले. या वेळी त्यांच्या हातात मिठाईचा डबा होता. ते कमरेत वाकले ते वर उठेनातच. "तोमिएबाई, घरवीर बंद करतोय. क्षमा असावी. पण एक सांगतो, साचे मी दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ देणार नाही. स्वतः मोडीन. तुमच्या हाताची इज्जत राखीन."

तोमिएने डब्याकडे पाहिले. "मालक," ती म्हणाली, "डबा निदान बसता येईल एवढा तरी आणायचा."

उन्हाळ्यात हिसाकोकाकू देवळाच्या जत्रेहून परतल्या, तर त्यांच्या हातात नेम मारून जिंकलेले एक खेळणे. "तोमिए, ही बघ तुझ्या लेकीची बहीण!" ती माझ्याच साच्यातली होती. पण अंग कागदासारखे पातळ, छातीत धातूचा कण नाही, नाव भलतेच काहीतरी, पाठीवर परदेशी शिक्का. आणि डोळे चिकटवलेले. मित्रांनो, चिकटवलेले! तोमिएने नखाने एक डोळा खरवडला, तर तो टिकलीसारखा निघून आला. साचे मोडले नव्हते. परदेशी विकले होते. तिने तो निघालेला डोळा हिसाकोकाकूंच्या लोणच्याच्या वाटीवर चिकटवला आणि वाटी परत दिली. काकू जायला उठल्या तेव्हा म्हणाली, "मालकांना सांगा, डब्यासकट तुमचा शब्दही पोचला."

दारुमाचा नवस फळो न फळो, वर्ष सरताना ती बाहुली देवळात परत न्यायची असते. तिथे तिला हात जोडून अग्नीत देतात. हिसाकोकाकूंनी आठवण करून दिली. "एका डोळ्याची घरात ठेवू नकोस गं, अपशकुन असतो. नेऊन दे आणि मोकळी हो."

"मी नवस सोडलेला नाही," तोमिए म्हणाली. "खुर्ची मला पाहिजे होती, आणि अजून पाहिजे आहे. देवाला घाई असेल तर त्याने लवकर द्यावी."

तिने माझी मान आत मुडपली, हातपाय मिटले आणि मला तिच्या खऱ्या शिवणयंत्राच्या खणात ठेवले. मिटले की माझे डोके पोटात जाते आणि डोळे आत. म्हणजे अंधार. त्या अंधारात मी वर्षामागून वर्षे काढली. डोक्यावर खऱ्या यंत्राचे कडकड चालत असे. ते यंत्र म्हणजे माझ्याहून थोरली, कामाची बाई. तिने मला कधी हिणवले नाही. वर्षातून एकदा, वर्षअखेरीच्या साफसफाईला, तोमिए मला काढी, उलगडी, ओल्या फडक्याने पुसून उजव्या गोलाकडे बघे आणि म्हणे, "अजून नाही गं बाई." मग पुन्हा मिटे. तेवढाच माझा दिवस. पण माझ्यासाठी वर्षातून एक दिवस राखणारे तेवढे एकच माणूस होते, म्हणून मी तक्रार करीत नाही.

मला उलगडले की तिच्या केसांत दरवेळी थोडे पांढरे वाढलेले दिसे. ती जेवणाच्या डब्यांच्या दुकानात भात भरायला जाऊ लागली, तेही उभ्याने. शिगेकी शिकला, नोकरीला लागला, योकोहामाला राहायला गेला. नवरा एकदा जहाजावरून कायमचा घरी आला आणि थोड्याच वर्षांत देव्हाऱ्यातल्या तसबिरीत गेला.

मग एका वर्षअखेरीला तिने मला उलगडले आणि 'अजून नाही' म्हटले नाही. ती हसत होती.

"झालं गं!" ती म्हणाली. "गल्लीच्या सभागृहात पोरांना रंगकाम शिकवायला बोलावलंय मला. दर शनिवारी. आणि खुर्ची कुठे ठेवलीय, विचार. खिडकीजवळ! गादी मी घरून नेणार आहे. उशीर केला देवाने, पण दिली. आता तुझं देणं देते. मग शनिवारी तुला माझ्या शेजारी टेबलावर ठेवीन. पोरांना दाखवीन, हा डोळा बघा, आणि हा बघा, आणि सांगा दोहोंत कोणता आधी काढला. नाही सांगता येणार!"

तिने काळा रंग ढवळला. जुना बारीक कुंचला ओठांत धरून त्याचे टोक केले. टेबलावर कोपर टेकले. तिने श्वास रोखला.

"आई! थांब! हात लावू नकोस तिला!"

शिगेकी साफसफाईला मदत करायला आला होता. तो बूट पायांतच असताना अर्धा आत धावला. मित्रांनो, मी किती वेडी! मला वाटले, इतक्या वर्षांनी माझ्या लेकराला माझी काळजी वाटली. माझी छाती भरून आली.

"अरे, बूट!" तोमिए म्हणाली.

"ती रंगवू नकोस, आई. तुला माहीत नाही. लोक घरवीर शोधत फिरतायत आता. आणि एका डोळ्याची तर एकही कोणाकडे नाही."

"कशी असेल? रंगवणारी मी एकटी होते."

"गेल्या साफसफाईला तू चहा करायला उठलीस तेव्हा मी गुपचूप तिचा फोटो काढला होता. नागोयाचे एक मुनेकाता म्हणून गृहस्थ आहेत, जुनी खेळणी जमवून लोकांना दाखवतात, त्यांना पाठवला. ते म्हणाले, ही कारखान्यातली चूक आहे, अशी चूक पुन्हा सापडायची नाही. मी त्यांना देतो म्हणालोय."

"चूक?" तोमिएने कुंचला खाली ठेवला नाही. "शिग्या, मी आयुष्यात एकही डोळा चुकवला नाही. हा मी ठेवलाय. नवसाचा आहे. तुला माहीत आहे."

"माहीत आहे, आई. पण हे त्यांना कुठे समजणार? त्यांच्या लेखी चूक म्हणूनच मोल आहे तिचं. दुसरा डोळा आला की ती साधी झाली. आणि मी शब्द दिलाय."

"शब्द मीही दिलाय. तुझ्याआधी."

"कोणाला? खेळण्याला?"

"हो. खेळण्याला."

शिगेकी वैतागून हसला. लहानपणी दाइगो हसे ना, अगदी तसा. "आई, मी लहानपणी हिच्यापायी किती बोलणी खाल्ली ते विसरलीस? शिगेकीमावशी म्हणायचे मला. आता पहिल्यांदाच, ती पोरं नव्हेत, मोठी मोठी माणसं माझं नाव मानाने घेतायत. माझ्याकडे आहे म्हणून. एवढं तरी मला मिळू दे."

'माझ्याकडे' म्हणाला. तेव्हा 'माझं नाही' म्हणाला होता, आता 'माझ्याकडे'.

तोमिएने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. आई ती. तिला त्याच्यात पहिलीतला शिगेकी दिसला असावा. तिने कुंचला बशीवर आडवा ठेवला. "बरं. ने. पण गुंडाळणार मी. तुला धड घडी घालता येत नाही. जा, कोपऱ्यावरच्या दुकानातून खोका घेऊन ये. मजबूत बघून आण."

तो गेला. दार लागल्याचा आवाज आला, आणि तोमिएने कुंचला उचलला.

"मेल्याला वाटलं मी ऐकलं," ती पुटपुटली. "हलू नकोस."

कुंचला टेकला. गार थेंब. आणि मग उजवीकडून उजेड आत आला.

मित्रांनो, ते मला सांगता येत नाही, पण सांगते. दोन्ही डोळ्यांनी मी तोमिएकडे पाहिले आणि मला पहिल्यांदा कळले की ती किती जवळ आहे. तिच्या गालावरची सुरकुती, नाकावर घसरलेला चष्मा, त्यामागचे ओले डोळे, सगळे एवढे जवळ होते की मला माणसासारखे हलणारे हात असते तर मी ते पुसले असते. चित्र नव्हते ते. एवढी वर्षे ती इतक्या जवळ होती आणि मला ठाऊक नव्हते.

तिने रंग शेगडीच्या उबेवर वाळवला, बोट लावून बघितले, आणि म्हणाली, "फिटलं माझं. आता कुठेही जा, दोन डोळ्यांनी जा." मग माझी मान हळूच आत घातली, मला मिटले आणि फडक्यात गुंडाळले. शिगेकी आला तेव्हा मी साधे शिवणयंत्र होऊन बसले होते. त्याने उलगडून बघितलेही नाही. "आई, रागावलीस?" एवढेच विचारले. "राग कशाचा?" तोमिए म्हणाली. "संत्री खा."

नागोयाला मुनेकातांनी मला पांढऱ्या हातमोज्यांनी उलगडले. माझे दोन्ही डोळे त्यांच्याकडे होते. त्यांचा चेहरा आधी आनंदाचा होता, मग तो पडला, मग लाल झाला. त्यांनी तिथूनच शिगेकीला फोन लावला. मी टेबलावर होते. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. शिगेकी म्हणाला, "आई... तिनेच केलं असणार. साहेब, एक काम करा. रंग ताजा आहे. पातळ करायचं द्रव्य असतं ना, कापसावर घेऊन पुसा, निघून जाईल. खालच्याला काही होणार नाही." आणि आवाज खाली आणून, "फक्त आईला कळायला नको."

त्याला सगळे माहीत होते, मित्रांनो. नवस माहीत होता, खुर्ची माहीत होती. तरी तो म्हणाला, पुसा.

कापूस आला. उग्र वास आला, तोमिएच्या खोलीतला तोच वास, पण या वेळी देणारा नव्हे, नेणारा. उजवीकडचा उजेड पुसट झाला आणि गेला. मुनेकाता पुसताना जपत होते, हे मी खोटे सांगणार नाही. पण तोमिएचा हात कसला, त्यांना ठाऊक नव्हते. गोलाच्या कडेला एक बारीक काळी कोर राहिली. किती घासली तरी निघाली नाही. म्हणून त्यांनी मला पेटीत जराशी तिरकी उभी केली आहे, ती कोर कोणाच्या नजरेस पडू नये अशी. चिठ्ठीत तिचा उल्लेख नाही.

तोमिएला वाटत असेल की मी इथे दोन डोळ्यांनी जग बघते आहे. शनिवारी खिडकीजवळ बसून ती पोरांना सांगत असेल, माझी एक लेक नागोयाला आहे, तिचे दोन्ही डोळे मी काढले. तिला कोणी खरे सांगितले नसेल. सांगू नका.

मित्रांनो, खेळणी मोडतात, हरवतात, नावडती होतात. त्याबद्दल मी रागावत नाही. कंटाळा आला तर दुसऱ्याला द्या, देताना एकदा पुसून द्या. पण कोणाच्या घरात एखादी वस्तू अर्धी राहिलेली दिसली, तर तिला चूक म्हणायची घाई करू नका. आधी तिथल्या जुन्या माणसाला विचारा की हे राहून गेले, की कोणी ठेवले आहे. आणि ठेवलेले असेल, तर ज्याने ठेवले त्यालाच ते पुरे करू द्या. तो चुकत नाही.

रोज काचेपलीकडे कोणी ना कोणी येऊन उभे राहते. परवा पांढऱ्या केसांची एक बाई आली होती. चष्मा नाकावर, पाठ जराशी वाकलेली. ती बराच वेळ उभी होती. ती तोमिएच काचेला नाक लावून उभी होती, की समोरच्या भिंतीवरचे चित्र होते, हे मला एका डोळ्याने आता सांगता येत नाही.